पाच लेझर पॉइंटर एकत्र करून लाकूड जाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारा मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याच्याकडे ५ मिलीवॅटचे पाच पॉइंटर आहेत, तीन लाल आणि दोन हिरवे. आरसे आणि भिंग वापरून या पाचांचे किरण एका रेषेत आणायचे आणि घरच्या घरी लाकडावर अक्षरे जाळायची, असा त्याचा बेत आहे. ‘पाच किरण एक झाले की ताकद पाचपट, आणि लाटा एकमेकींत मिसळल्या तर पंचवीसपटही होईल ना?’ असे त्याने विचारले आहे.

मी एकवीस वर्षे लेझर एनग्रेव्हिंगच्या धंद्यात आहे. आधी कार्बन डायऑक्साइड लेझर, मग फायबर, आणि गेली काही वर्षे निळ्या डायोडची यंत्रे. किरण एकत्र करणे ही कल्पना अजिबात खुळचट नाही. आज बाजारात मिळणारी बरीच डायोड यंत्रे त्याच कल्पनेवर चालतात. पण तुझ्याकडच्या पाच पॉइंटरनी लाकूड जळणार नाही, आणि ते जाळायच्या खटपटीत डोळा मात्र जाऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करू. पाच गुणिले पाच म्हणजे २५ मिलीवॅट. आता साधे ५ सेंटिमीटर व्यासाचे भिंग घे, स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसले. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. त्या भिंगाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यातून जवळजवळ २ वॅट आत येतात. २ वॅट म्हणजे ५ मिलीवॅटचे ४०० पॉइंटर. लहानपणी आपण भिंगाने वाळके पान जाळायचो तेव्हा हातात ४०० पॉइंटर एवढी ताकद असायची, आणि तरी पान पेटायला काही क्षण थांबावे लागायचे. यावरून तुझे पाच पॉइंटर कुठे उभे आहेत ते लक्षात येईल.

मग लेझरचे वेगळेपण कशात? ते ठिपक्याच्या आकारात आहे. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे १५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाखाली त्याची प्रतिमा साधारण १.४ मिलिमीटरपेक्षा लहान होऊच शकत नाही. भिंग कितीही चांगले असले तरी नाही. लेझरचा किरण जवळजवळ समांतर असतो, म्हणून त्याचा ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून बारीक करता येतो. म्हणजे थोडी ऊर्जा, पण अगदी एवढ्याशा जागेत. तरीही लाकूड शांत बसत नाही. मिळालेली उष्णता ते आजूबाजूला आणि खोलवर ढकलत राहते. ठिपक्यापाशी उष्णता येण्याचा वेग ती निघून जाण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त हवा, तेव्हा कुठे ते अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत पोचते आणि काळे पडते. त्यातून लाल प्रकाश फिक्या लाकडावरून बराचसा परततो. तुझ्या २५ मिलीवॅटने फार तर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीवर बारीकशी खूण उमटेल. सागावर किंवा प्लायवर काहीही दिसणार नाही.

आता मूळ मुद्दा, किरण एकत्र कसे करायचे. इथे जवळजवळ प्रत्येकजण आधी अर्ध्या चांदीच्या आरशाकडे जातो, म्हणजे अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आणि अर्धा परावर्तित करणाऱ्या काचेकडे. मीही गेलो होतो. एक किरण समोरून, दुसरा काटकोनात, आणि दोन्ही एका रेषेत बाहेर पडताना दिसतात. मन खूश होते. पण मोजून बघ. पहिल्याचे ५ पैकी अडीच मिलीवॅट पुढे गेले, अडीच बाजूला. दुसऱ्याचेही अडीच पुढे आले, अडीच त्याच बाजूला. तुझ्या रेषेत एकूण ५ मिलीवॅट, आणि काचेच्या दुसऱ्या तोंडातून तेवढेच ५ मिलीवॅट भिंतीवर किंवा तुझ्या चेहऱ्यावर. दोन पॉइंटर वापरून हाती एकाचीच ताकद आली, आणि खोलीत एक मोकाट किरण जास्तीचा सुटला.

हा आरशाचा दोष नाही, निसर्गाचा नियमच तसा आहे. एकाच रंगाचे, एकाच ध्रुवीकरणाचे (म्हणजे लाटा एकाच दिशेत डोलणारे), पण एकमेकांशी लाटा न जुळलेले दोन किरण कुठल्याही काचेने, आरशाने वा भिंगाने असे एकजीव करता येत नाहीत की त्याच जाडीत आणि त्याच दिशेत दुप्पट उजेड मिळेल. जाडी वाढेल, किंवा दिशा फाकेल, किंवा अर्धा प्रकाश दुसरीकडे निघून जाईल. यांपैकी एक किंमत मोजावीच लागते.

पंचवीसपटीचे स्वप्नही इथेच अडते. व्यतिकरणात, म्हणजे लाटा एकमेकींवर पडतात तेव्हा, दोन लाटा माथ्याला माथा लावून मिळाल्या तर त्या जागी तीव्रता चौपट होते, पाच लाटा मिळाल्या तर पंचवीसपट, हे पुस्तकातले वाक्य बरोबर आहे. पण त्याच वेळी शेजारच्या जागी अंधार पडतो आणि एकूण ऊर्जा तेवढीच राहते. शिवाय लाटा जुळायला हव्यात, आणि दोन स्वतंत्र पॉइंटरच्या लाटा जुळत नाहीत. दोन लाल पॉइंटरच्या तरंगलांबीत फक्त १ नॅनोमीटरचा फरक असला तरी त्यांच्या लाटा सेकंदाला सुमारे ७०० अब्ज वेळा जुळतात आणि बिघडतात. तुला दिसते ती निव्वळ सरासरी, म्हणजे साधी बेरीज. लाटा खरोखर बांधून ठेवायच्या तर सगळे किरण एकाच मूळ लेझरमधून काढावे लागतात आणि प्रत्येकाची कला, म्हणजे लाटेचा माथा नेमका कुठे आहे ते, क्षणोक्षणी दुरुस्त करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लागते. घरच्या टेबलावर ते होणार नाही.

तरीही वाटा आहेत. माझ्या माहितीतल्या, रोजच्या वापरातल्या तीन सांगतो.

पहिली रंगाची. एका विशिष्ट तरंगलांबीला आरपार सोडणारी आणि दुसरीला परावर्तित करणारी लेप दिलेली काच असते. तिला डायक्रोइक म्हणतात. त्यातून लाल आरपार जातो, हिरवा परततो, आणि दोघे एका रेषेत बाहेर पडतात, जवळजवळ काहीही वाया न जाता. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या हॉलमध्ये जे रंगीबेरंगी लेझर दिसतात, त्यांच्या पेटीत लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर याच पद्धतीने एकत्र केलेले असतात. तुझ्याकडचा एक लाल आणि एक हिरवा अशा काचेने नीट जुळतील. तिसरा जुळणार नाही, कारण त्याच्या रंगाची जागा भरलेली आहे.

दुसरी ध्रुवीकरणाची. डायोड लेझरचा प्रकाश बहुतांशी एका दिशेत ध्रुवीकृत असतो. एक डायोड उभा आणि दुसरा ९० अंशांनी फिरवून आडवा बसवला, आणि मध्ये ध्रुवीकरणाप्रमाणे वाट देणारा काचेचा घन ठेवला, तर एक आरपार जातो, दुसरा वळतो आणि दोन्ही तंतोतंत एकावर एक बसतात. इथेही दोनच. तिसऱ्याला दार नाही.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे किरण एका रेषेत आणायचा हट्टच सोडून दिलेला असतो. किरण एकमेकांना खेटून, समांतर, शेजारी शेजारी न्यायचे. त्यासाठी सुरीच्या धारेसारख्या सरळ कडेचे छोटे आरसे पायऱ्यांसारखे लावतात. एकाचा किरण दुसऱ्या आरशाच्या कडेला जेमतेम चुकवून जातो. मग सगळ्यांपुढे एकच भिंग. समांतर आलेले सगळे किरण भिंगातून गेले की नाभीपाशी एकाच बिंदूत भेटतात, हे तू नववी-दहावीत काढलेलेच चित्र आहे. भिंगाआधी ते वेगळे असतात, भिंगानंतर पुन्हा फाकतात, पण जिथे काम आहे त्या एका बिंदूत सगळे हजर असतात. किंमत अशी की किरणांचा पट्टा रुंद होतो, शंकू बुटका होतो, आणि फोकसची खोली कमी होते. लाकडाचा पृष्ठभाग अर्धा-एक मिलिमीटर वरखाली झाला की ठिपका पसरतो. जाड प्लाय कापताना याचा चांगलाच त्रास होतो. वरची कड बारीक निघते आणि खालची जळकी, तिरकी.

आजची २० वॅटची निळी यंत्रे दुसरी आणि तिसरी वाट मिळून वापरतात. आत साधारण ५-५ वॅटचे चार डायोड असतात. दोन-दोनच्या जोड्या शेजारी शेजारी, मग त्या दोन जोड्या ध्रुवीकरणाच्या घनातून एकावर एक. ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास राहतो. हे सगळे कारखान्यात, कॅमेऱ्यात बघत, आरसे केसाच्या अंतराने सरकवून, मग चिकटवून पक्के केलेले असते. यंत्राचे असे लेझर-डोके एकदा टेबलावरून पडले की बाहेरून काहीच तुटलेले दिसत नाही, पण लाकडावर एकाऐवजी दोन रेषा उमटू लागतात. आत कुठला तरी आरसा जागचा हललेला असतो. पॉइंटर रबरबँडने पट्टीवर बांधून हे साधणार नाही. १ मीटर अंतरावर १ मिलिमीटर चुकायला एका अंशाच्या सतराव्या भागाएवढा कल पुरतो, आणि पॉइंटरचे बटण दाबतानाच त्याहून जास्त हलते.

आणखी एक वाट आहे, वेगवेगळ्या दिशांनी एकाच ठिकाणी मारा करण्याची. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ किरण एका छोट्या सोन्याच्या नळकांडीत तिच्या दोन्ही टोकांकडून सोडले जातात. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा देऊन अणुसंमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. पण ते १९२ लेझर गोळा केलेले नाहीत. सुरुवातीला एकच क्षीण स्पंद असतो, तो वाटला जातो आणि प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे अब्जावधी पटींनी वाढवला जातो. जगातल्या सर्वांत मोठ्या लेझरवाल्यांनीही सुटे लेझर जोडण्याऐवजी एकाला वाढवणे पसंत केले, हे मला फार बोलके वाटते.

आता डोळ्याकडे येतो, आणि इथे घाई करणार नाही.

लेझरच्या वर्गवारीत दृश्य प्रकाशाचा १ मिलीवॅटपर्यंतचा लेझर वर्ग २ मध्ये येतो. पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात सहसा इजा होत नाही, या भरवशावर तो वर्ग उभा आहे. ५ मिलीवॅटपर्यंत ३आर. ५ ते ५०० मिलीवॅट ३बी, त्यात किरण थेट किंवा चकचकीत पृष्ठभागावरून डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत इजा होऊ शकते. ५०० मिलीवॅटच्या वर वर्ग ४, तिथे खडबडीत लाकडावरून विखुरलेला उजेडही घातक ठरू शकतो. तुझे पॉइंटर सुटे असताना ३आर. पाचही एका किरणात आणलेस की तो किरण ३बी. म्हणजे लाकूड काळे पडायच्या कितीतरी आधी तू डोळ्याची मर्यादा ओलांडलीस.

कारण सरळ आहे. जे भिंग तू लाकडासाठी शोधतो आहेस, ते तुझ्या डोळ्यात आधीच बसवलेले आहे. अंधारात बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. तिच्यातून आलेला समांतर किरण दृष्टिपटलावर सुमारे २० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात गोळा होतो. दर चौरस मिलिमीटरची तीव्रता लाखभर पटींनी वाढते. समांतर किरण हा तुझ्यासाठी लेझरचा गुण, आणि डोळ्यासाठी तोच सर्वांत वाईट प्रकारचा प्रकाश. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून जळताना काही जाणवतही नाही. मेंदू त्या जागेचे चित्र आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो, आणि कित्येकांना दोन-चार दिवसांनी वाचताना एक अक्षर गायब दिसते तेव्हा कळते.

आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये एका मदतनिसाने फायबर यंत्राचे झाकण काढून पितळी नेमप्लेटवर काम केले. १०६४ नॅनोमीटरचा किरण अदृश्य असतो. गुळगुळीत पितळेवरून त्याचा एक तुकडा परतला. आठ वर्षे झाली, त्याच्या डाव्या डोळ्याच्या मध्यभागी राखाडी डाग आहे. समोरच्या माणसाकडे त्या डोळ्याने पाहिले तर चेहरा दिसत नाही, फक्त कान आणि खांदे दिसतात. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. तुझ्यासारख्या मुलाचा प्रश्न आला की मला आधी तो आठवतो.

तुझ्या दोन हिरव्या पॉइंटरबद्दलही सावध राहा. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये सहसा मुळात हिरवा डायोड नसतो. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवायला गाळणी लागते, आणि स्वस्त मालात ती कित्येकदा बसवलेलीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१० मध्ये असाच एक पॉइंटर तपासला तेव्हा हिरवा उजेड मंद आणि अदृश्य अवरक्त जवळजवळ २० मिलीवॅट निघाला. ‘मंद दिसतो, म्हणजे सेल उतरला असेल’ असे म्हणून त्यात डोकावणाऱ्याची पापणीही मिटणार नाही, कारण अवरक्त प्रकाश दिसतच नाही.

उजेडावरून ताकद ठरवू नकोस, हे निळ्याच्या बाबतीतही खरे. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा आपल्याला ४५० नॅनोमीटरच्या निळ्यापेक्षा, तेवढ्याच मिलीवॅटला, वीसपटींहून जास्त उजळ वाटतो. निळा मवाळ दिसतो आणि लाकूड मात्र भराभर जाळतो. मिरवणुकांमधल्या लेझरमुळे दृष्टिपटलात रक्तस्राव झालेली तरुण मुले कोल्हापूर-पुण्याच्या नेत्रतज्ज्ञांकडे येऊ लागली, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना लेझर बीमवर बंदी घालावी लागली. तिथेही अनेक किरण एकत्र केलेले होते, आणि एकाकडेही डोळा वर करून बघताना कोणाला भीती वाटली नव्हती.

चष्म्याबद्दल दोनच गोष्टी. चष्मा तरंगलांबीप्रमाणे घ्यायचा असतो आणि त्यावर तरंगलांबी व ओडी, म्हणजे प्रकाश किती अडतो त्याचा आकडा, छापलेले असते. ओडी ४ म्हणजे दहा हजारांत एक भाग आत येतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०.६ मायक्रोमीटरचा किरण साध्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटनेही अडतो, पण तोच चष्मा निळ्यापुढे उघड्या डोळ्यासारखा. तुझ्याकडे लाल आणि हिरवा एकत्र आहेत, सोबत अवरक्त गळतो आहे. तिन्ही अडवणारा आणि तरी हाताखालचे दिसू देणारा चष्मा पॉइंटरच्या कितीतरी पट महाग पडेल. आणि चष्मा फक्त घालणाऱ्याला वाचवतो, दारातून आत येणाऱ्या धाकट्या बहिणीला नाही.

मग तुला खरेच लाकडावर अक्षरे हवी असतील तर काय करायचे? पाच किरण जुळवण्यापेक्षा एक योग्य किरण वापर, आणि तो बंद पेटीत. पूर्ण झाकलेले, झाकण उघडताच किरण बंद करणारे इंटरलॉक असलेले ५ वॅटचे यंत्र ३ मिलिमीटर प्लायवर सुंदर काम करते. धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट हवाच. यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही. मी आजही सोडत नाही, कारण लाकडाची आग आधी धुमसते आणि मग एकदम पेटते. रेग्झिन, फ्लेक्स, व्हाइनिल, पीव्हीसी यांना लेझर लावायचाच नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसे आणि यंत्राचे लोखंड दोन्ही खातो. आणि पारदर्शक ॲक्रिलिक निळ्या लेझरने कापायला जाऊ नकोस, किरण त्यातून आरपार जाऊन खालचे टेबल जाळतो.

विकत घेण्याआधी कुठे तरी हात बसव. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा, आहे, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. आता अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांतही लेझर कटर असतात. तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉप सुपरिटेंडेंटना विचार. आणि तिथे कार्बन डायऑक्साइड लेझर असेल तर एवढे माहीत असू दे की तो १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला, आणि ते बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. मी पहिले यंत्र घेतले तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. नंतर कळले तेव्हा त्या नळीकडे बघायची माझी नजरच बदलली.

पॉइंटर तसेच ठेव, त्यांचा एक चांगला उपयोग आहे. एकेकट्याने, भिंतीकडे तोंड करून, डोळ्याच्या उंचीच्या खाली ठेवून, समोर जुन्या सीडीचा, चंदेरी थर काढलेला पारदर्शक तुकडा धर आणि भिंतीवर पडणाऱ्या ठिपक्यांतले अंतर मोज. त्यावरून तरंगलांबी काढता येते, आणि तुझे तीन ‘सारखे’ लाल खरेच किती सारखे आहेत तेही थोडेफार दिसेल. परतणारे ठिपके कुठे जातात ते आधी पांढऱ्या पुठ्ठ्याने अडवून घे.

जाळायचेच असेल तर रविवारी बारा वाजता अंगणात ते ५ सेंटिमीटरचे भिंग, गडद गॉगल आणि शेजारी पाण्याची बादली घेऊन बस. भिंगातून सूर्याकडे कधीही बघू नकोस. वर्तमानपत्राची कोरी कड, त्यावरची काळी छपाई, तपकिरी पुठ्ठा, सागाची ढलपी आणि कोळशाने काळी केलेली सागाची ढलपी, या प्रत्येकाला धूर यायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेव. मग भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून तेच पुन्हा कर. अर्ध्या ऊर्जेला दुप्पट वेळ लागतो की काही वस्तू जळतच नाहीत, हे वहीत उतरव, आणि आकडे घेऊन लॅबमध्ये जा. काम झाले की भिंग कापडात गुंडाळून कपाटात ठेव, उन्हात विसरू नकोस.